पाण्याच्या दिवसाची पावलं

रविवारी माझी पावलं हजाराच्या आत भरत. खोलीतून मोरीपर्यंत, मोरीतून खोलीपर्यंत, दुपारी खानावळीत आणि परत, की संपला रविवार. हे मी अंदाजानं सांगत नाही. माझ्या कमरेला पावलं मोजायचं यंत्र लावलेलं असे, आणि रोज रात्री निजण्याआधी त्यातला आकडा कार्डावर लिहायचा, हे माझ्या नोकरीतलंच एक काम होतं.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. आदल्या वर्षी आई गेली होती, भावाच्या संसारात माझी अडचण व्हायला लागली होती, आणि वर्तमानपत्रातली एक जाहिरात बघून मी सातारा सोडून सोलापूरला आले होते. इथं माझं कुणी म्हणजे कुणीच नव्हतं. घरमालक निवृत्त शिक्षक होते. ते आणि त्यांची बायको माझ्याशी फक्त नळाविषयी बोलत. दुष्काळ ओसरून वर्ष झालं होतं, तरी आमच्या भागात पाणी एक दिवसाआड यायचं. "आज पाणी आहे हं," एवढं एकच वाक्य दाराबाहेरून ऐकू यायचं. ज्या दिवशी पाणी नसे त्या दिवशी घरात माझ्याशी कुणी बोलतही नसे.

नोकरी अशी होती. कापडाच्या मिलमध्ये कापूस पिंजतात त्या खात्यात हवेत सतत बारीक तूस उडत असतं. ते वर्षानुवर्षं छातीत जातं. सुरुवातीला सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी तेवढी छाती आवळून येते, मग आठवडाभर, मग रोजच. या दुखण्यावरच्या एका नव्या गोळीची चाचणी मुंबईहून आलेले एक डॉक्टर करत होते. मिलचे बरेच कामगार त्यांनी त्यासाठी निवडले होते. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसत्या पिठाची. दोन्ही दिसायला सारख्या, बाटलीवर फक्त नंबर. कुणाला काय मिळतंय हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं, मला तर नाहीच. फुंकून दम मोजायचं मोठं यंत्र दवाखान्यात होतं, पण ते सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा. मधले तीन महिने माणूस दिवसाला किती चालतो, यावरून गोळीचा गुण ओळखायचा होता. धाप लागते तो कमी चालतो, बरं वाटतं तो आपोआप जास्त चालतो, असं डॉक्टरांचं साधं गणित होतं.

यंत्र तळहातात मावेल एवढं, गोल, पाठीला चाप असलेलं. पाऊल पडलं की आत काहीतरी टक्‌कन हलायचं आणि पांढऱ्या तबकडीवरचा काटा सरकायचा. कामगार त्याला घड्याळच म्हणत. करदोऱ्याला किंवा पायजम्याच्या नाडीला ते अडकवायचं, निजताना काढायचं, आकडा कार्डावर लिहायचा, काटा पुन्हा शून्यावर आणायचा. ज्याला लिहिता येत नसे त्याचं कार्ड घरातलं कुणीतरी भरे. मी बुधवारी आणि शनिवारी घरोघर जाऊन कार्डं माझ्या वहीत उतरवून घ्यायची.

आणि एक नियम होता. लागोपाठ दोन आठवडे ज्याची पावलं घटतील, त्याचं नाव त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. त्याची चाचणी तिथंच थांबायची आणि त्याला दवाखान्यात ठेवून नेहमीचे, खात्रीचे उपचार सुरू व्हायचे. हा नियम डॉक्टरांनी मला तीनदा म्हणून दाखवायला लावला होता. "बाई, बाकी सगळं चुकलं तरी चालेल, हे चुकता कामा नये," असं ते म्हणाले होते.

निरोगी माणसांचेही आकडे हवे होते, म्हणून एक यंत्र मला मिळालं. कंपाउंडरलाही मिळालं होतं, पण त्यानं ते दोन दिवसांत टेबलाच्या खणात टाकलं. मी मात्र नेमानं लावलं. पहिल्या महिन्याच्या शेवटी मी सगळी कार्डं समोर मांडली आणि मला हसू आलं. दम लागणाऱ्या, खोकणाऱ्या, पन्नाशीच्या माणसांपेक्षा रविवारी माझीच पावलं कमी होती. त्या हिशेबानं मलाच उचलून दवाखान्यात टाकायला हवं होतं. मग मनात आलं, जाण्यासारखं एकही दार नसेल तर माणूस चालणार तरी कुठे? पुढच्या रविवारपासून मी उगीचच तळ्याच्या काठानं दोन फेऱ्या मारायला लागले. आकडा बरा दिसावा म्हणून. म्हणजे कार्डावर लबाडी मीही केली, फक्त स्वतःच्या पायांनी केली.

माझी जीभ पहिल्यापासून तिखट. माणसं दूर ठेवायला ती बरी पडते, असा माझा तेव्हा समज होता. चाचणीचा दुसरा आठवडा असेल. मिलच्या दवाखान्यात कामगार बाटल्या घ्यायला रांगेनं उभे होते आणि मी एकेकाचं कार्ड बघत होते. एक उंच, वाळलेले, कपाळाला विभूतीचे पट्टे ओढलेले गृहस्थ पुढं आले. पिंजण्याच्या खात्यात त्यांना वीस वर्षं झाली होती. त्यांच्या कार्डावरचे आकडे बघून मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मामा, तुमचं घड्याळ झोपलंय की काय? हे मिलवाल्यांनी बघितलं तर उद्याच घरी बसवतील तुम्हाला!" रांग हसली. तेही हसले, खोकले, आणि कार्ड घडी करून त्यांनी खिशात ठेवलं. ही कार्डं मिलच्या कचेरीत कधीच जाणार नव्हती. ते मी सांगायला हवं होतं. पण रांग मोठी होती आणि लोक हसले म्हणून मला बरं वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यापासून त्यांचे आकडे वाढले. त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी वाढले. डॉक्टर खूष झाले, मीही झाले. "मामांना गोळी लागू पडली," असं मी कंपाउंडरला ठासून सांगितलं.

त्यांचं घर माझ्या खोलीपासून दोन गल्ल्या पलीकडे, एका लांबट चाळीच्या टोकाला होतं. घरात ते आणि त्यांची बायको, दोघंच. मूळचे दुधनीकडचे. घरात कानडी बोलत, माझ्याशी मराठी. पहिल्या दिवशी मी दारात उभी राहून कार्ड मागितलं तर बाई म्हणाल्या, "बाहेरून काय मागतीस, आमी काय देणेकरी हाय व्हय? आत ये की." मी आत गेले. त्यांनी पितळी तांब्यातून पाणी दिलं आणि विचारलं, "ऊट आतेन?" मला कळलं नाही हे बघून त्याच हसल्या. "जेवलीस काय, म्हनते मी." सोलापुरात आल्यापासून हे कुणी विचारलं नव्हतं. मी जेवले नव्हते, तरी जेवले म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दही पुढं ठेवलं.

चार-पाच खेपांत मी त्यांना अक्का म्हणायला लागले आणि त्या मला तंगी. कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. मामा खाटेवर भिंतीला टेकून बसलेले असत. अंघोळ झालेली, कपाळावर ताजी विभूती, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. फार बोलत नसत. मी थट्टेनं म्हणायची, "मामा, गळ्यातलं आणि कमरेचं, दोन्ही अंगावरून काढायचं नाही हं." ते मान हलवून हसत. गळ्यातलं त्यांनी जन्मात कधी काढलं नव्हतं. कमरेचं होतं की नाही हे मी कधी बघितलं नाही. पुरुषाच्या कमरेला हात लावून कोण बघणार? कार्डावर आकडा होता आणि तो वाढत होता. ते एकेक वाक्य दोन तुकड्यांत बोलतात, मिलला जाताना एका सोबत्याच्या सायकलवर मागं बसून जातात, हे मी माझ्या डोळ्यांनी बघत होते. पण डोळ्यांपेक्षा माझा काट्यावर जास्त विश्वास बसला होता.

आणि खरं सांगायचं तर मी मामांकडे बघायला जातच नव्हते. मी अक्काकडे जात होते. एका शनिवारी त्यांनी माझ्या केसांकडे बघून तोंड वाकडं केलं. "हे काय शिंदीचं झाड केलंयस डोस्क्याचं? बस हितं." मला उंबऱ्यात बसवलं, तेलाची वाटी घेतली आणि माझं डोकं चोळायला लागल्या. त्यांच्या हाताला भेगा होत्या, त्यात केस अडकत. आई गेल्यापासून माझ्या डोक्याला कुणाचा हात लागला नव्हता. मी रस्त्याकडे तोंड करून बसले होते म्हणून बरं, माझं तोंड त्यांना दिसलं नाही. वेणी घालून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता मानसात आलीस." मी त्या दिवशी बाकीची चार घरं न करताच परत गेले, आणि संध्याकाळभर वेणी सोडली नाही.

तेव्हापासून माझा आठवडा म्हणजे बुधवार आणि शनिवार. मधले दिवस नुसते ढकलायचे.

दुसरा महिना संपता संपता आमच्या भागातला मोठा पाइप फुटला. पाणी एक दिवसाआड यायचं ते मधे दोन दिवस सोडून आलं, आणि त्यानंतर सगळे पाण्याचे दिवस एकानं पुढं सरकले. माझी फार तारांबळ झाली, कारण पाण्याच्या दिवशी गल्लीच्या टोकापासून खोलीपर्यंत सहा-सात खेपा मारून मी साठा करून ठेवत असे. साहजिकच पाण्याच्या दिवशी माझा आकडा उडी मारायचा आणि कोरड्या दिवशी खाली यायचा. माझ्या कार्डावर ही उडी इतकी नेमानं होती, की ते बघून कुणालाही नळाचं वेळापत्रक सांगता आलं असतं.

त्यानंतरच्या रविवारी मी कार्डं मांडून बसले होते. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. चुकून माझ्या कार्डाशेजारी मामांचं कार्ड आलं. मी आधी दुर्लक्ष केलं, मग नीट बघितलं, मग दोन्ही कार्डांवर बोट ठेवून एकेक दिवस वाचत गेले. माझा आकडा उडी मारी त्या दिवशी मामांचाही मारी. माझा खाली आला की त्यांचाही खाली. मंगळवारी बाजारच्या दिवशी दोघांचाही वाढलेला. मिलच्या सुट्टीच्या दिवशी बाकीच्या कामगारांची पावलं घटत, मामांची घटत नव्हती. आणि पाइप फुटला त्या आठवड्यात माझी उडी एका दिवसानं पुढं गेली होती. मामांचीही गेली होती.

आमच्या दोन्ही गल्ल्यांना एकाच टाकीचं पाणी होतं. मामांच्या चाळीत एकही पुरुष नळावर घागर घेऊन उभा राहिलेला मी कधी बघितला नव्हता. धाप लागलेला तर नाहीच. घड्याळ अक्काच्या कमरेला होतं.

मला आधी फक्त हसू आलं. काय डोकं चालवलंय! मग हसू ओसरलं आणि नियम आठवला. मामांची खरी पावलं किती होती ते सहा आठवडे कुणालाच माहीत नव्हतं. ती घटली असतील तर त्यांना केव्हाच दवाखान्यात न्यायला हवं होतं. ती घटली आहेत हे त्यांच्या तुटक बोलण्यावरून, सायकलच्या मागच्या सीटवरून, शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. सोमवारी सकाळी डॉक्टरांकडे जायचं आणि सांगायचं, एवढंच काम होतं.

सोमवारी मी गेले नाही. बुधवारी आधी अक्काशी बोलू, तिला समजावू, मग सांगू, असं स्वतःला पटवलं. बुधवारी दारात पाऊल टाकलं तर घरभर गुळाचा वास. "तंगी, आज हुग्गी केली बग. तू त्या दिशी म्हनलीस न्हवं, आई गव्हाची खीर करायची म्हनून? आमच्याकडं हिला हुग्गी म्हनत्यात." मी कधी म्हटलं होतं ते मलाही आठवत नव्हतं. तिनं लक्षात ठेवलं होतं. वाटीत तुपाची धार सोडून तिनं ती माझ्यापुढं ठेवली. आता मी काय बोलणार होते? "घड्याळ तुमच्या कमरेला आहे, हे मला कळलंय," असं म्हटलं की ती घाबरणार, मामा घाबरणार, डॉक्टर येणार, आणि हे दार मला बंद होणार. चोरी पकडणाऱ्या बाईला कोण हुग्गी वाढतं? मी खाल्ली. मागून घेतली. कार्डावरचे आकडे वहीत उतरवले आणि घरी आले.

शनिवारीही मी बोलले नाही. त्या दिवशी तर निमित्तही नव्हतं. मामांना थोडी कणकण होती, ते भिंतीकडे तोंड करून निजले होते. अक्का म्हणाली, "रातपाळीनं दमलेत, निजू दे." मी त्यावर विश्वास ठेवला. ठेवला म्हणजे, ठेवायचं ठरवलं. तिनं पुन्हा माझी वेणी घातली.

पुढच्या बुधवारी मामा बसलेले होते, पण दोन्ही हात खाटेच्या कडेला रोवून, खांदे वर ओढून. बोलले नाहीत. अक्का नेहमीपेक्षा जास्त बोलली. मी तिच्या बोलण्याला हुंकार देत राहिले आणि मामांच्या खांद्यांकडे बघायचं टाळलं. त्या आठवड्यात मला रोज झोपताना वाटे, उद्या सांगते. आणि रोज उठल्यावर वाटे, एकदा अजून तिच्या हातचं जेवते, मग सांगते. इतकं साधं, इतकं हलकट होतं ते. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी त्याला मी दुसरं काही नाव देऊ बघते, पण दुसरं नाव सापडत नाही. हल्ली माझी भाची मनगटाला पट्टी बांधून घरभर फिरते आणि जेवताना सांगते, "आत्या, आज दहा हजार झाले." मी "छान" म्हणते आणि ताट उचलून आत जाते. तिला वाटतं, म्हातारीला नव्या वस्तूंचा राग आहे.

शनिवारी मी गेले तेव्हा दार उघडं होतं आणि आतून खोकला नव्हे, नुसती घरघर ऐकू येत होती. मामांचे ओठ निळसर झाले होते. अक्का त्यांची छाती तेलानं चोळत होती. "तंगी, त्यांना सोसंना झालंय गं." मी तशीच पळत सुटले. डॉक्टर मुंबईला गेले होते, सोमवारी सकाळी येणार होते. कंपाउंडर म्हणाला, दुसऱ्या डॉक्टरकडे न्या. अक्काला दुसरा डॉक्टर नको होता. "आपले डाक्टर येऊ दे. त्यांची गोळी लागू पडलीय, त्यांनाच म्हाईत." मी आग्रह केला नाही असं नाही, पण जसा करायला हवा तसाही केला नाही. गोळी लागू पडलीय हे तिला मीच दर आठवड्याला सांगत आले होते.

सोमवारी डॉक्टर आल्या आल्या मी त्यांच्यापुढं दोन्ही कार्डं ठेवली आणि नळाची हकिगत सांगितली. ते एकदम उठले. "कधी लक्षात आलं तुमच्या?" मी म्हटलं, "काल. रविवारी कार्डं बघताना." रविवार होता हे खरं होतं. फक्त तो कालचा नव्हता.

डॉक्टर जीप घेऊन स्वतः गेले, मी मागं बसले. मामांना उचलून बाहेर आणलं तेव्हा चाळ गोळा झाली होती. डॉक्टरांनी अक्काला मोठ्यानं विचारलं, "पावलांचं यंत्र कुठे आहे?" तिनं पदराआड हात घातला. मग निऱ्यांपाशी खोचलेलं घड्याळ तिनं काढलं आणि सगळ्यांसमोर तळहातावर धरलं. मी तिच्या शेजारीच उभी होते. मला तिथंच पहिल्यांदा कळतंय, असा चेहरा मी केला होता.

मामा दवाखान्यात पाच दिवस होते. अक्का दोन वेळा घरून ऊन भाकरी घेऊन चालत यायची. मामा खात नव्हते, ती परत न्यायची. मी रोज संध्याकाळी जाऊन तिच्याजवळ बाकावर बसे. पाचव्या दिवशी दुपारी मामा गेले. डॉक्टर बाहेर आले, त्यांनी तोंड धुतलं आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "पंधरा दिवस आधी आला असता हा माणूस, तर वाचवला असता मी."

पंधरा दिवस. महिना नाही, आठवडा नाही. मी बोटांवर मोजायची गरज नव्हती. दोन कार्डं शेजारी आली त्या रविवारपासून डॉक्टर आले त्या सोमवारपर्यंत बरोबर पंधरा होत होते.

मामांच्या बाटलीत खरी गोळी होती की पिठाची, ते पुढं मला कळलं. ते मी इथं लिहीत नाही. काहीही लिहिलं तरी त्यानं माझा दोष पातळ व्हायचा नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर एके सकाळी अक्का माझ्या खोलीवर आली. इतके दिवस मी तिच्या घरी जात होते, ती माझ्याकडे पहिल्यांदाच येत होती. मोकळ्या कपाळानं ती आणखी ठेंगणी दिसत होती. खोलीत बसायला एकच खुर्ची होती, ती मी पुढं केली, पण ती खाली भिंतीशी बसली. पदराच्या गाठीतून तिनं एक धुतलेलं फडकं काढलं. त्यात घड्याळ होतं. बरोबर कार्डही होतं. दवाखान्यातल्या पाच दिवसांचे आकडेही तिनं शेजारच्या कुणाकडून तरी लिहून घेतले होते. जीपपाशी कुणी यंत्र तिच्या हातातून घेतलंच नव्हतं, म्हणून ती ते लावत राहिली होती. घरातून दवाखान्यात, दवाखान्यातून घरी, दोन वेळा.

"सरकारी वस्तू हाय, जवळ कशाला ठेवायची," ती म्हणाली. "भावाकडं दुधनीला चालले. खोली सोडली."

मी घड्याळ घेतलं. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "कितीची गाडी?"

"दुपारची." मग तिनं खोलीभर नजर फिरवली. एक खाट, एक दोरी, दोरीवर दोन साड्या. "एकटीच ऱ्हातीस की गं तू," ती म्हणाली, जणू हे तिला आत्ताच कळलं. मग तिनं स्वतःच्या पायांकडे बघितलं. टाचा फुटलेल्या होत्या.

"माज्या पायांनी घात केला बग. म्या चालत ऱ्हायले, आन् त्यांचं चालणं थांबल्यालं कुणाला दिसलंच न्हाय. तू त्या दिशी रांगेत म्हनलीस न्हवं, मिलवाले घरी बसवतील म्हनून? ह्यांनी घरी येऊन सांगितलं. लई भ्याले हुते. म्या म्हनलं, आना हिकडं, मी लावते. तू मायेनं सांगितलंस, तुजा काय दोष न्हाय. आमीच वाकडं चाललो."

माझ्या हातात ते घड्याळ होतं. हात हलला की आतलं टक्‌कन वाजत होतं. आत्ता सांगायचं, असं मी मनाशी म्हणत होते. अक्का, ती थट्टा होती. अक्का, मला पंधरा दिवस आधीच कळलं होतं. तुमच्या हातची हुग्गी मी कळल्यानंतर खाल्ली. एवढी तीन वाक्यं. ती ऐकून तिनं मला शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तळतळाट दिला असता. पण पुढचं सगळं आयुष्य ती स्वतःच्या पायांना दोष देत बसली नसती.

तिला माझा चेहरा बघून वाटलं असावं, मी रडणार. ती उठली, माझ्याजवळ आली आणि माझी सुटलेली वेणी तिनं हातात घेतली.

"तुला तरी कुटं म्हाईत हुतं, तंगी?"

"नाही, अक्का," मी म्हणाले. "मला माहीत नव्हतं."

तिनं उभ्या उभ्याच माझी वेणी घातली, आणि दुपारच्या गाडीनं ती दुधनीला गेली.